अडुसष्ट गुणांचा रुपया

दयाराम रामटेके हा माणूस तसा भलताच हिशेबी. रेल्वेच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यात चौतीस वर्षं काढली, पण कधी कोणाचा चहा फुकट प्याला नाही की कोणाला फुकट पाजला नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर एका रुपयाच्या नाण्यासाठी एक लाख साठ हजार मोजून येतो, हे त्याच्या वस्तीत, बीरगावात, आधी कळलं असतं तर शेजाऱ्यांनी त्याला नळाखाली बसवलं असतं. पण अक्कल काही पेन्शनसारखी दर महिन्याला ठरल्या तारखेला येत नाही. त्या दिवशी ती आली नाही, बस.

नाणं होतं १९९०चं, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं. टाकसाळीनं ढिगानं पाडलेलं. त्या काळात पानठेल्यावर सुट्ट्या पैशांतही हाती यायचं. दयारामनं घेतलेलं मात्र पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद होतं. अशी नाणी तपासणाऱ्या कंपन्या असतात. तिथली माणसं भिंगातून नाणं पाहतात, ओरखडे शोधतात, सत्तरपैकी गुण देतात आणि डबीत सील करून वर चिठ्ठी लावतात. या चिठ्ठीवर अडुसष्ट गुण होते. शंकर नगरातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात दुकानदार शिशिर देवपुजारीनं मोबाइलवर कंपनीची यादी उघडून त्याच्यापुढे धरली होती.

"देखो काका. अडुसष्टवालं अख्ख्या देशात एकच. त्याच्या वर कोणीच नाही."

दयारामनं डबी उजेडात धरली. बाबासाहेबांचा चेहरा कालच साच्यातून निघाल्यासारखा कोरा करकरीत. त्याचा बाप गोंदियाकडे पाटलाच्या घरी सालदार होता, तुटक्या कपात बाहेर बसून चहा प्यायचा. त्या बापाच्या पोराच्या घरी बाबासाहेबांचं देशातलं एक नंबरचं नाणं! हे डोक्यात आलं आणि गडी तिथंच गेला.

घरी कलावतीनं डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.

"लाख साठ हजारात तं माह्या घरावर स्लॅब पडला असता. आन् तुमी डबी घेऊन आले?"

"अवो, हे गुंतवणूक हाय. दोन सालात दुप्पट होते."

"कोन देईन दुप्पट?"

"देईन ना कोनीतरी!"

कलावती पुढे काही बोलली नाही. तिचं न बोलणं वर्षभर चाललं, आणि ज्यांनी संसार केला आहे त्यांना ते किती महागात पडतं हे वेगळं सांगायला नको.

घरात खरी काळजी निराळीच होती. पोरगा धम्मदीप उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपाशी उभा राहायचा. लाल सळई सांडशीनं ओढायची आणि पुढच्या माणसाकडे ढकलायची, आठ-आठ तास. वय एकतीस, पण गेल्या हिवाळ्यापासून खोकल्यासोबत काळं पडायला लागलं. डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, पाहिला आणि सांगितलं, मिल सोड, नाहीतर पुढच्या साली माझ्याकडे येऊन काही उपयोग नाही. पोट्ट्यानं मोबाइल दुरुस्तीचं काम शिकून घेतलं होतं. शंकर नगरात एक छोटी जागाही मिळत होती. मालक दोन लाख डिपॉझिट मागत होता आणि जुलैच्या शेवटापर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर जागा दुसऱ्याची.

आता एवढं झाल्यावर माणसानं गुपचूप शिशिरकडे जावं, नाणं विकावं आणि मोकळं व्हावं की नाही? पण दयारामला मिरवायची हौस फार. चौदा एप्रिलला तो डबी घेऊन विहारात गेला. मिरवणूक निघायच्या आधी माइक हातात घेतला आणि सांगितलं, "असं नानं देशात एकच हाय. आन् ते आपल्या बीरगावात हाय!" टाळ्या अशा पडल्या की त्याची छाती दोन इंच वाढली. पोरांनी फोटो काढले. त्याच संध्याकाळी ते फोटो नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर सगळीकडे फिरले. नातलगांचे फोन आले. भंडाऱ्याचा साळा, जो लग्नापासून त्याच्याशी धड बोलला नव्हता, तोसुद्धा म्हणाला, "भाटवे, तुमी तं नाव काढलं."

महिला मंडळाच्या दीपमालाबाईंनी तिथंच विषय काढला. नाणं विहारातच पाहिजे, काचेच्या पेटीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली.

"काय घ्यान, रामटेके भाऊ?"

"दोन लाख," दयाराम म्हणाला. पोराच्या जागेचे दोन लाख, त्याच्यावर छदाम नाही. त्यानं स्वतःला समजावलं की यात लोभ नाही. आणि खरंच, तेव्हा नव्हताही.

बाया कामाला लागल्या. कोणी धुणीभांडी करणारी, कोणी पोहा मिलमध्ये पाखडणारी, कोणी कंत्राटदाराकडे गिट्टी उचलणारी. शंभर, दोनशे, पाचशे करत त्यांनी उन्हाळाभर गोळा केलं. धम्मदीपची मिल चालूच होती. जुलै उजाडला तेव्हा मंडळाचं जमत आलं होतं, आणि पावसाळ्यात तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं त्या वर्षावासाच्या पहिल्या दिवशी, आषाढी पौर्णिमेला, नाणं विहारात न्यायचं ठरलं.

त्याच्या चार दिवस आधी शिशिरचा फोन आला. "काका, दुकानात येऊन जा. फोनवर नको."

दयाराम गेला. शिशिरनं खुर्ची दिली, चहा सांगितला आणि तीच यादी उघडली.

"एप्रिलपर्यंत तुमचं एकच होतं. आता बघा. अडुसष्टवाली एकोणीस. आणि एकोणसत्तरवाली चार."

"कुठून आली?"

"तुमच्याच लोकांकडून. नागपूर, भंडारा, वर्धा. तुमचा फोटो बघितला आणि सगळ्यांनी पेट्या उघडल्या ना! कोणाच्या आजीनं कापसात ठेवलेलं, कोणी बुद्धाच्या मूर्तीखाली. तीस-पस्तीस वर्षं कोणी हातसुद्धा लावला नाही. लोकांनी धडाधड तपासायला पाठवली." तो जरा थांबला. "दुसरी नाणी बाजारात घासून घासून गुळगुळीत होतात, काका. हे तुमच्या लोकांनी खर्चच केलं नाही. आधी कोणी तपासून घेतलं नव्हतं, म्हणून यादीत एक दिसत होतं."

दयारामनं कप खाली ठेवला. "तुमी तं म्हनलं होतं देशात एकच हाय."

"मी यादी दाखवली, काका. यादीत एकच होतं. मी खोटं कुठं बोललो?"

आणि पंचाईत ही की तो खोटं बोललाच नव्हता. वॅगन कारखान्यात जी वॅगन तपासणीला येते तिच्यावरच खडूचा आकडा पडतो. रुळांवर किती उभ्या आहेत ते त्या आकड्यावरून कळत नाही. चौतीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला हे दुकानात सुचलं नाही. आणि आपल्या लोकांनी बाबासाहेबांचा रुपया कधी खर्चला नसेल, हे तर त्याला झोपेतही सुचायला पाहिजे होतं. पण ज्यात आपला अभिमान गुंततो तिथं डोळे काय कामाचे?

"आता काय येईन याचं?"

"चार हजार. पाच म्हणणारा भेटला तर लगेच द्या. अजून पेट्या उघडायच्या बाकी आहेत." शिशिरनं आवाज उतरवला. "तुमचं गिऱ्हाईक पक्कं आहे म्हणता ना? मग चार दिवस गप राहा. त्यांना यादी बघता येते का?"

दयाराम उठला.

घरी आला तेव्हा धम्मदीप रात्रपाळी करून झोपला होता. झोपेतसुद्धा त्याचा खोकला थांबत नव्हता. उशीशी टमरेल ठेवलेलं. दयारामनं कलावतीला मागच्या पडवीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. सांगताना त्याला रडू आलं. साठीच्या बाप्याला बायकोपुढे रडताना लाज वाटते, पण त्या दिवशी तीही वाटली नाही.

"मी विहारात सांगून देतो," तो म्हणाला. "बायांचे पैसे हायेत. गिट्टी उचलून आनलेले हायेत, धम्माची माय."

कलावती तांदूळ निवडत राहिली. तिला 'मी म्हटलं होतं' म्हणायचा पुरा हक्क होता. तिनं तो वापरला नाही.

"त्यायले काय पाहिजे? बाबासाहेबाचं नानं पाहिजे. ते तं हाय ना त्याच्यात?" ती म्हणाली. "कोनी विकाले थोडीच घेऊन राहिलं. पाया पडाले घेऊन राहिले."

"पन एकच हाय म्हनून—"

"मले माहा पोट्टा एकच हाय." तिनं ताट बाजूला सारलं. "तुमी आता तोंड उघडसान ना, तं मंग मले त्याचं मेलेलं तोंड पाहाले लावसान."

आतून खोकला आला. दोघंही ऐकत बसली.

पौर्णिमेला विहारात जागा उरली नाही. पांढऱ्या साड्यांतल्या बाया मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. वंदना झाली, पंचशील झालं, ग्रंथाचं पहिलं वाचन झालं. तसबिरीखाली नवी कोरी काचेची पेटी, आत निळं मखमल. दयाराम सकाळपासून ठरवून आला होता. बायकोशी भांडून नव्हे, मनातल्या मनात. सांगून टाकायचं. चार हजार द्या म्हणायचं, किंवा फुकटच न्या म्हणायचं.

दीपमालाबाईंनी कापडी पिशवी पुढे केली. "दोन लाख, भाऊ. सुट्ट्या नोटा लय हायेत, मोजून घ्या."

दयाराम उभा राहिला. "मले एक सांगायचं होतं," तो म्हणाला.

विहार शांत झाला. आणि त्या शांततेत दाराशी उभा असलेला धम्मदीप खोकला. एकदा नाही, लागोपाठ. तोंडावर रुमाल दाबून बाहेर गेला. बाया वळून पाहायला लागल्या. कोणीतरी "बिच्चारा" म्हणालं. कलावतीनं मान वर केली नाही, फक्त तिचे दोन्ही हात पदराखाली गेले.

"सांगा ना भाऊ," दीपमालाबाई म्हणाल्या.

"जय भीम," दयाराम म्हणाला. "एवढंच."

टाळ्या झाल्या. त्यानं डबी दिली, पिशवी घेतली. डबी मखमलीवर ठेवली गेली. तो बसणार एवढ्यात मागून एका बाईनं हटकलं.

"अवो बाई, सपाट रक्कम देतेत का कोनी? वर एक रुपया नाही ठेवला!"

"हव ना!" सगळ्याच हसल्या. शुभकामाची रक्कम शून्यावर सोडायची नाही, वर एक पाहिजे, ही रीत सगळ्यांच्याच घरची. आणि तो वरचा रुपया मोठ्या माणसाच्या हातचा पाहिजे. बायांनी भागरथाबाईला पुढे केलं. म्हातारी ऐंशीच्या पुढची, राइस मिलमध्ये जन्मभर झाडू मारलेली. तिनं पेन्शनमधले दोन हजार आधीच दिले होते, ते दयारामला ठाऊक होतं.

म्हातारीनं पदराची गाठ सोडली. गाठीत कापूस, कापसात जिलेटीनच्या कागदाचा तुकडा, त्यात एक रुपया.

"माह्या मालकानं आनला होता," ती सांगायला लागली. "ब्यांकेत तीन घंटे रांगेत उभे होते. म्हने, याले हात नोको लावू, भागरथा. ते गेले, तरी मी लावला नाही. आता तुमचं एक नंबरचं विहारात आलं. मंग हे साधं कायले ठेवू?"

तिनं जिलेटीन उलगडलं. दयारामला भिंग लागलं नाही. बाबासाहेबांच्या कपाळावर, गालावर, चष्म्याच्या काठावर कुठंही काही नाही. उजेड त्याच्यावरून सरकत गेला आणि कुठंच अडला नाही. पेटीतल्यापेक्षा ते चांगलं होतं. पेटीतल्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

"माय, हे तुमी ठेवा," तो म्हणाला. "मी दुसरा घेतो. कोनताही."

म्हातारीचा चेहरा पडला. "काहून बाप्पा? माह्या रुपयात काही खोट हाय?"

सगळ्या बाया त्याच्याकडे बघत होत्या.

"नाही, माय."

"मंग घे ना."

तिनं तो त्याच्या तळहातावर ठेवला. तळहात घामानं ओला होता. दयारामनं मूठ मिटली, कारण उघडी ठेवून ते पाहणं त्याला होईना. पिशवी कलावतीनं घेतली. मुठीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

भागरथाबाई गुडघ्यावर हात टेकत पेटीपर्यंत गेली. काचेला कपाळ लावलं. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं, तरी ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिनं मान वळवून दयारामला विचारलं, लेकराला विचारावं तशा कौतुकानं.

"असं नानं दुसऱ्या कोनापाशीच नाही म्हनतेत. खरं का, बाप्पा?"

"हव, माय," दयाराम म्हणाला. "कोनापाशीच नाही."