आवाज नीट पोचला

मी वॉर्डाच्या भिंतीवरचा राउटर बोलतोय. आजवर इतरांचं बोलणं वाहिलं. स्वतःचं हे पहिलंच.

मला इथं बसवलं तारवाल्यानं. नेटवर्कचं सगळं तोच बघतो, म्हणून हे नाव. प्रत्येक कामाची गरज वेगळी, हे त्यानं मला शिकवलं. एक्स-रेची फाइल दोन मिनिटं थांबली तरी बिघडत नाही. बोलणं थांबून चालत नाही. "गर्दी झाली की आवाज आधी पुढं सोडायचा," स्टुलावर उभा राहून तो पुटपुटला, "चित्र अडखळलं तर अडखळू दे. ऐकू आलं म्हणजे झालं."

मला ते पटलं होतं.

चार नंबरच्या खाटेवर एक सुतारकाका आले. जन्मापासून बहिरे, शाळेची पायरी न चढलेले. दूरदेशी राहणारी मुलगी रोज फोनवर दिसायची आणि दोघं हातांनी बोलायची. वॉर्डातली मावशी नर्सला म्हणायची, "बापलेकीचं भांडण असावं तर असं. कुणाचं डोकं उठत नाही."

त्यांच्या घरची एक खूण मलाही पाठ झाली होती. तळवा वर केला की 'ठीक'. तोच डावी-उजवीकडे हलला की 'नको'.

एका दुपारी काकांना श्वास पुरेना. डॉक्टरीणबाईंनी मुलीला फोन लावला. "नळी घालून मशीनवर ठेवायचं का, विचार त्यांना."

भेटीची वेळ होती. पन्नासेक फोन माझ्यावर तुटून पडले होते. मी नियम पाळला.

तिचा प्रश्न कसाबसा पोचला. काकांनी तळवा उचलला आणि तिकडचं चित्र तिथंच थिजलं. इकडे हात हलत होता, पुन्हापुन्हा. डॉक्टरीणबाईंना वाटलं, घाबरलेत.

"बाबा ठीक म्हणतायत," मुलगी म्हणाली. तिचा आवाज मी अगदी स्वच्छ पोचवला.

नळी उपसू नये म्हणून मशीनवरच्या पेशंटचे हात खाटेला बांधतात. काकांचेही बांधले. दुसऱ्या कुणाचे हात बांधले गेले असते. यांचं तोंड बांधलं गेलं. बोटं तेवढी चादरीवर हलायची. एकोणीस दिवस. मग तीही थांबली.

मुलगी पोचली ती त्यानंतर. मावशी तिला म्हणाली, "त्या दिवशी तुझ्याशी बोलताना किती हलवत होते गं हात."

"मला तर तो वर थांबलेलाच दिसला," ती म्हणाली. नंतर तिनं तारवाल्याला बोलावून घेतलं. त्यानं नोंदी चाळल्या. "ताई, कॉल चांगला होता. एक शब्द तुटलेला नाही."

"शब्द होते कुठे?"

 तारवाल्यानं नियम बदलला नाही. तसं कुणी लिहून दिलं नव्हतं.

मी यंत्र आहे, सांगाल तसं वागेन. पण कुणाला आधी वाट द्यायची हे ठरवणाऱ्यांनो, एकदा खाटेपाशी या आणि विचारा, तुम्ही बोलता कशानं? जरा लवकर या. आठ नंबरला काल एक आजी आल्यात. त्याही हातांनीच बोलतात.