आप्पांचा फिका चहा

“आप्पा, ह्यो पाला चघळला की तासभर गोड कळत न्हाय हां. आधी च्या पिऊन घ्या,” असं यमुनाबाईंनी बजावलं होतं. मित्रांनो, ते मीही ऐकलं आणि हसण्यावारी नेलं. गोड कळणारच नाही, तर माझ्याकडे येईल कोण? तेवढाच आराम!

मी एक जुनी साखरेची बरणी आहे. महिपतरावांनी, म्हणजे आप्पांनी, मला बुधवार पेठेतून आणलं. माझं झाकण फुटल्यापासून लोणच्याच्या बरणीचं झाकण डोक्यावर वाकडं बसतं. बारसं असो, पाहुणे असोत, सगळे आधी मलाच शोधायचे. मग आप्पांना मधुमेह निघाला आणि मी एका दिवसात गुन्हेगार ठरले. सूनबाईंनी, निशानं, मला वरच्या फळीवर टाकलं. बरं, टाका!

निशाला हिंजवडीच्या कंपनीची बस गाठायची असे. “आप्पा, गोळी घेतली?” हे ती जिन्यातूनच विचारायची. आप्पा “हो” म्हणायचे. गोळ्या मात्र त्यांनी कधीच बंद केल्या होत्या. यमुनाबाईंच्या वारज्याच्या घरी कुंपणावर गुडमारचा, म्हणजे मधुमेहावर गुणकारी म्हणतात त्या पाल्याचा, वेल होता. त्या धुणीभांडी करायला येताना पानं आणत. आप्पांनी ती पानं सकाळी चघळायची आणि लगेच चहा करायचा. चहा फिका लागला की स्टुलावर चढून मला खाली काढायचं. दोन चमचे. तरी फिका. आणखी दोन. मग शेजारच्या दिगंबररावांना ऐटीत सांगायचं, “अहो, मी फिका चहा पितो हल्ली.”

फिका! इकडे माझा तळ दिसत होता! निशा घाईघाईत मला भरायची आणि पळायची. मला तोंड आहे, पण नुसतं उघडायला. काय करणार?

आप्पांच्या पायाच्या करंगळीला चप्पल लागली होती. महिना झाला तरी जखम ओलीच. मोजा घालून ते लपवत राहिले.

एका रविवारी सहा वर्षांच्या नम्रतानं त्यांचा उरलेला चहा चाखला. “आजोबा, हा चहा आहे की पाक?”

निशानं कप हातात घेतला. तळाशी साखर तशीच होती. “आप्पा, किती चमचे घातलेत?”

“चार असतील. पण गोड लागतोय का? पाला मारतो ती साखर.”

“अहो आप्पा, पाला तुमची जीभ मारतोय! साखर जातेय पोटात!”

मग तिनं आप्पांना पाय दाखवायला लावले, तेव्हा कुठे मोजा निघाला. बोट काळं पडलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या कधीपासून बंद?”

“चार महिने,” आप्पा पुटपुटले.

“पानात गुण असतील, त्यावर अभ्यासही चालू आहेत. पण गोळीच्या जागी पान घ्या, असं कोणी सांगितलं?”

करंगळी काढावी लागली. आता ते भिंत धरून स्वयंपाकघरात येतात आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. जणू मीच उडी मारून कपात पडत होते!

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी पाला, रस किंवा काढा घेत असेल. ते डॉक्टरांना ठाऊक आहे का, हे विचारा. आज शाळेतून आलात की आजी-आजोबांच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि ती रिकामी होतेय का ते बघा. मग त्यांच्यापुढे खाली बसा आणि पायाची दहाही बोटं नीट तपासा. “काही झालं नाही रे मला,” असं म्हणत ते पाय मागे घेतील. तरी बघा.