पाठवणीच्या पुढचं

टीव्हीच्या पडद्यावर प्रकाशाचं अपवर्तन होतं, घर्षण होतं, सेंद्रिय रसायनाचे ढीगभर भाग होते. नव्हतं ते फक्त लग्न.

नाजियाने रिमोट दिवाणावर टाकला आणि पुन्हा उचलला. सकाळपासून हेच चाललं होतं. तिच्या अब्बांनी, लातुरातल्या हनीफ व्हिडिओवाल्यांनी, आयुष्यभर टिपलेलं सगळं मधल्या खोलीतल्या एका काळ्या डब्यात होतं. आत दोन हार्ड डिस्क, मागून राउटरला गेलेली वायर. नाजियाने टीव्हीमागे एक छोटा संगणक बसवला होता. त्याने डब्यातल्या फायली वाचायच्या आणि टीव्हीवर दाखवायच्या, एवढंच त्या मीडिया सर्व्हरचं काम. अब्बांनी शेवटची काही वर्षं कोचिंग क्लासेससाठी केलेली लेक्चरं त्याने लगेच उचलली. वर आगाऊपणा करून ‘घर्षण’ला सिनेमाचं नाव समजून कुठल्याशा परदेशी सिनेमातल्या जोडप्याचं पोस्टरही चिकटवलं. ‘लग्ने’ हा फोल्डर मात्र त्याला रिकामा दिसत होता.

आणि केवळामावशी निलंग्याहून एसटीत बसल्याचा फोन येऊन गेला होता.

केवळाबाईच्या एकुलत्या एका मुलीचं, कुशावर्ताचं लग्न अब्बांनी भूकंपाच्या वर्षी वैशाखात शूट केलं होतं. त्याच वर्षी गणपती बुडवून गावं झोपली आणि पहाटे जमीन हलली. कुशावर्ता सासरी किल्लारीच्या बाजूला होती. ती घराच्या भिंतीखाली गेली. इकडे केवळाबाईचंही घर पडलं, त्यात लग्नाची कॅसेट गेली. वर्षभराने बाई अब्बांच्या दुकानात येऊन उभी राहिली. “हाय का तुमच्याकडं?” एवढंच विचारलं. मूळ कॅसेट अब्बांकडे होती. तेव्हापासून दर वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती यायची. अब्बा शटर अर्धं ओढायचे, लग्न दाखवायचे, चहा पाजायचे आणि निलंग्याच्या गाडीत बसवून द्यायचे. कॅसेटची सीडी झाली, सीडीची फाइल झाली, यात कधी खंड पडला नाही.

दोन महिन्यांपूर्वी अब्बा गेले. दुकानाची जागा मालकाने एका अभ्यासिकेला दिली. “औंदा येऊ का न्हाई गं?” असं केवळाबाईने फोनवर विचारलं, तेव्हा नाजिया म्हणाली होती, “या मावशी. मी दाखवते.” नांदेडच्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची. मावशीसाठी रजा काढून आली होती.

“ताई, डब्याचा दिवा हिरवा हाय का नारंगी?” दिवाणखान्यातून दयानंदने विचारलं. हा क्लासेसच्या रस्त्यावरचा कॉम्प्युटरवाला, घरच्यासारखा. पण मधल्या खोलीत अम्मी इद्दतला बसली होती. नवरा गेल्यावर ते दिवस परपुरुषासमोर यायचं नसतं, आणि डबा नेमका अम्मीच्या पलंगाशेजारी होता. त्यामुळे दयानंद सोफ्यावर बसून आजार सांगायचा आणि नाजिया पडद्याआड जाऊन नाडी बघायची.

“हिरवा!”

“लुकलुकतोय का ठाम हाय?”

“लुकलुकतोय.”

“मग जिता हाय. बंद करून चालू करा.”

“तीनदा केलं, दयानंद.”

“चौथ्यांदा करा, ताई. ही जात लाथेचीच असती.”

चौथ्यांदा करूनही ‘लग्ने’ रिकामंच. पेनड्राइव्हवर घालून थेट टीव्हीला लावलं, तर ‘हा प्रकार चालत नाही’ असं टीव्हीने सांगितलं. जुन्या काळची फाइल, तिला बदलून दाखवायला सर्व्हरच हवा. लॅपटॉपवर फोल्डर बिनतक्रार उघडत होता, पण त्याच्या टीचभर पडद्यावर मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसणार? तिने फोल्डरचा पत्ता तपासला. एकेक तिरकी रेघ तपासली. नांदेडच्या मामेभावाला, जीशानला फोन केला. तो म्हणाला, “आपा, एक व्हिडिओ पाठवतो, बघ.” त्या व्हिडिओतल्या मुलाने सगळं एका दमात करून दाखवलं आणि शेवटी हसला. तिला त्या मुलाचा गळा धरावासा वाटला.

“नाजिया, उस लडके को चाय तो दे,” अम्मी आतून हळूच म्हणाली.

चहा ठेवताना तिच्या डोक्यात आलं. लॅपटॉपवर ती अब्बांच्या नावाने आत जात होती, अब्बांचा पासवर्ड देऊन. सर्व्हर कुणाच्या नावाने जातो? चहा तसाच उकळत सोडून ती लॅपटॉपकडे धावली. टीव्हीसाठी अब्बांनी डब्यात एक वेगळं नाव काढून ठेवलं होतं, सर्व्हर त्या नावाने जात होता आणि त्या नावाला त्यांनी फक्त लेक्चरांची मुभा दिली होती. बाकी दारं बंद.

“हात्तिच्या!” दयानंद म्हणाला. “मग समद्यांना खुलं करून टाका. एक टिचकी.”

तिने माउसवर हात ठेवला आणि थांबवला. वरच्या मजल्यावर नीटची तयारी करणारी चार मुलं भाड्याने राहत होती, याच वायफायवर. सर्व्हर सगळ्या लग्नांमधून आपल्या मनाने एकेक चेहरा उचलणार आणि ओळीने मांडणार. लोकांच्या लेकीसुना. अब्बा दुकानातल्या काचेतसुद्धा कुणाच्या नवरीचा फोटो लावत नसत. हे बंद दार त्यांनी चुकून नाही, मुद्दाम लावलं होतं.

“नाही. सगळ्यांना नाही.”

“ताई, वेळ चाललाय.”

“जाऊ दे.”

तिने वेगळा फोल्डर केला, त्यात कुशावर्ताच्या लग्नाची तेवढी एक फाइल उतरवली आणि सर्व्हरला त्या एकाच फोल्डरची, तीही फक्त वाचायची, परवानगी दिली. फाइल सरकत असताना चहा उतू गेला. गॅस पुसून ती बाहेर येते तो दारात केवळामावशी उभी. रस्त्यावरचा गुलाल चपलांना लागलेला, हातात बोरांएवढ्या लाडवांचा डबा.

“लई वाळलीस गं माय,” ती म्हणाली, आणि आत जाऊन अम्मीजवळ बसून आली. दोघी काय बोलल्या ते बाहेर ऐकू आलं नाही. मग दिवाणावर येऊन तिने पदर सारखा केला. दयानंद उठून जायला निघाला, तर तिने त्यालाही बसवलं. “बस की लेकरा. लग्न हाय.”

नाजियाने बटण दाबलं. लागलं.

हळद, मांडव, वाजंत्री. केवळामावशीला सगळं पाठ होतं. “हा आमचा मलप्पा, आता पंगतीत भांडंल बघ,” आणि मलप्पा भांडला. “ह्या गुणाबाईनं अक्षता कमी अन् गप्पा जास्ती टाकल्या.” दयानंद हसला. नाजियाचे खांदे दिवसात पहिल्यांदा सैल झाले. शेवटी पाठवणी आली. कुशावर्ता आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली, जीप हलली, धूळ उडाली.

“झालं,” केवळामावशी म्हणाली आणि डोळे पुसले. नाजिया चहाचे कप आणायला उठली.

टीव्ही चालूच होता. धुळीनंतर एक दुसरं गाव आलं. दगडमातीची जाड भिंत, उंबऱ्यावर माप, आणि आत बायकांच्या घोळक्यात कुशावर्ता. नाव घे, नाव घे, असा गलका चालला होता. “चुलीवरच्या डाळीला लसणाची फोडणी,” तिने सुरुवात केली आणि पुढचं विसरली. जीभ चावली. मग तिला असं हसू फुटलं की बाजूला उभ्या नवऱ्यालाही, बसवंतलाही, आवरेना.

“थांब,” केवळामावशी म्हणाली. “हे कुठलं?”

नाजियाने चित्र थांबवलं. “सासरचं असणार, मावशी. अब्बा वरातीबरोबर गेले असतील.”

“टेप तर पाठवणीला संपती.”

“नाही. अजून बरीच आहे.”

मग नाजियाला कळलं. पाठवणी झाली की अब्बा बंद करायचे आणि चहा सांगायचे. दर वर्षी. हे डब्यात कुठे लिहिलेलं असणार?

“हनीफभाईनं हे कदी दावलं न्हाई,” केवळामावशी सावकाश म्हणाली. “रडतानाच बघत आले म्या तिला. घरी जाऊन तेच डोळ्यांपुढं. सासरी सुखात व्हती का न्हाई, ह्येच म्हाईत नव्हतं. इतकी वर्षं.”

“तुम्हाला त्रास होईल म्हणून केलं असेल त्यांनी.”

“इचारायचं तर व्हतं.”

पडद्याआडून अम्मीचा आवाज आला. दयानंद बाहेर बसलेला असताना ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होती. “मैं बोली थी उनको, केवळाबाई. दिखाओ बोली. नहीं माने. उस में वो दीवार दिखती बोले.”

“भिंत म्या माझ्या हातानं उकरली,” केवळामावशी म्हणाली. “मला भिंत काय दावायची राह्यली व्हती?”

अब्बा गेल्यापासून नाजियाला त्यांची आठवण येत होती, रडू येत होतं, स्वप्नं पडत होती. राग आज पहिल्यांदा आला, आणि ज्यांच्यावर काढायचा ते उरले नव्हते.

“मागं घे,” केवळामावशी म्हणाली. “विसरती तिथून.”

नाजियाने मागे घेतलं. छोट्या संगणकाला ते झेपलं नाही. पडदा काळा झाला आणि मधोमध एक गोल फिरायला लागला.

“येतंय, मावशी.”

“येऊ दे,” ती म्हणाली, आणि फिरत्या गोलावरची नजर न काढता दिवाणावर थोडी पुढे सरकून बसली.