दोन भांड्यांतली पळी

मी पळी बोलतेय. लांब दांड्याची, स्टीलची, कोरियातल्या बुसान शहराच्या बाजारात दालिम मावशींच्या गाडीवरची. कारखान्यात माझ्यासारख्या हजारभर निघाल्या असतील. मावशींनी मला उचललं, हातात तोललं आणि म्हणाल्या, "हिला वजन आहे." त्याला बावीस वर्षं झाली.

माझा संसार दोन भांड्यांत. डावीकडच्या पातेल्यात मुळा, सुकी मासळी आणि गोडव्यासाठी दोन खेकडे यांचं सार दिवसभर उकळतं. उजवीकडच्या पसरट कढईत तांदळाच्या कांड्या तिखट लाल रश्शात रटरटतात, ती त्तोकबोक्की. रस्सा आटला की मावशी डावीकडचं सार माझ्यात भरून उजवीकडे ओततात. या बाजारात सगळ्याच बायका हे करतात. त्याला कोणी कृती म्हणत नाही, हात आपोआप जातो.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मंगोलियाची नोमिन गाडीशी आली. एकटीच प्रवासाला निघालेली. तिने वहीत लिहून आणलेलं वाक्य अडखळत वाचलं, "मावशी, यात कोळंबी, खेकडा आहे का? मला चालत नाही. श्वास कोंडतो."

मावशींना रागच आला. "त्तोकबोक्कीत खेकडा? कोण घालतं गं? तांदूळ, तिखट, साखर. खा बिनधास्त!"

शेजारची मोजेवाली हानसुक हसली. "खा पोरी! खेकडा घालायला मावशींचा हात एवढा सैल कुठला?"

मावशी खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण दहाच मिनिटांपूर्वी मी काय ओतलं, ते मला माहीत होतं. पळीला तोंड असतं, पण ते भरायला आणि ओतायला. माझ्याच तोंडाने मावशींनी तिची बशी भरली, तेव्हा माझा जीव नुसता तळमळत होता.

नोमिनने फोटो काढला. कांडीला काडी टोचली. गरम होती, म्हणून फुंकर घातली. मी मनात म्हणत होते, अजून फुंक, बाई, अजून फुंक.

तेवढ्यात कढई आटली. मावशींनी मला सारात बुडवलं आणि माझ्यात खेकड्याची नांगी आली. नेहमीप्रमाणे त्यांनी ती बोटाने परत पातेल्यात ढकलली, आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

"थुंक! गिळू नकोस, थुंक!"

मला रस्त्यावर फेकून त्यांनी नोमिनच्या हातातली बशी उडवली. पण एक घास गेला होता. नोमिनचे ओठ बघता बघता सुजले. तिने अशा वेळेसाठी जवळ ठेवलेलं इंजेक्शन पिशवीतून काढलं. मावशींनी तिचं मनगट घट्ट धरलं, आणि दोघींनी मिळून सुई तिच्या मांडीत दाबली. हानसुक फोनवर ओरडत होती, "लवकर या! पोरीचा श्वास अडकलाय!"

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मावशी "श्वास घे, माझे बाई, श्वास घे," एवढंच म्हणत राहिल्या. मी चिखलात पडून ऐकत होते.

नोमिन वाचली. तिसऱ्या दिवशी ती गाडीशी आली, तेव्हा मावशी भर बाजारात तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. नोमिनने त्यांना उठवलं.

आता माझ्या दांड्याला लाल दोरा बांधलाय. मी पातेलं सोडून कुठे जात नाही. कढईत किटलीतलं साधं पाणी पडतं. जुनी गिऱ्हाईकं कुरकुरतात, "मावशी, चव गेली हो तुमची!"

"गेली. नको असेल तर पुढच्या गाडीवर जा," मावशी म्हणतात.

त्या चवीत माझा वाटा होता, म्हणून मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण एक मागणं आहे. कोणी भीत भीत विचारलं, "यात काय काय आहे?" तर लगेच बोलू नका. आधी आपला हात दिवसभर कुठे कुठे जातो, ते आठवा. पुढच्या गाड्यांवरच्या पळ्या अजून दोन्ही भांड्यांत फिरतात, आणि आम्हाला ओरडता येत नाही.