पडशातलं गाऱ्हाणं

सुभद्रेने चुलीवरचा उकळता टोप पदराच्या घडीत धरून उचलला, माजघरात आणला आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. पाण्यात पातीचहा, ओवा नि तुळशीच्या डहाळ्या होत्या. गंगारामांनी निमूटपणे मान खाली घातली. तिने त्यांच्या डोक्यावरून गोधडी पांघरली, कडा नीट खोचल्या आणि तिथेच भिंतीला टेकून आपलं नाक पुसलं.

फाल्गुन लागला की किनाऱ्यावर दर वर्षी हे असंच. पहाटे गारठा, दुपारी घामाच्या धारा, आणि अंगाला कळेनासं होतं की कुणाचं ऐकावं. लोक वसंताचं कौतुक करतात. सुभद्रेच्या घरात वसंत नाकातून यायचा. यंदा आधी मुलगा बाबली आडवा झाला, मग त्याची बहीण सुनीती. त्यात दोघांनी काजूचे बोंडू खाऊन घसे धरून घेतले, ते वेगळंच. मग सासऱ्यांचा आवाज बसला. तिच्या स्वतःच्या अंगातही कणकण होती, पण चुलीला आणि गोठ्याला ती कुठे कळते? नवरा मुंबईला गोदीत, त्याला शिमग्याची रजा मिळाली नव्हती. काढे, शेक, रात्रभराचे खोकले, सगळं एकटीच्या अंगावर पडलं होतं. ती इतकी दमली होती की कुणावर रागवायलाही जोर उरला नव्हता.

गोधडीतून घामेजलेला चेहरा बाहेर आला. गंगाराम काहीतरी सांगू लागले, पण घशातून नुसती हवाच आली.

"बोला नकात, मामांनू. घसो आणखी धरतलो."

त्यांनी देवघराकडे बोट दाखवलं. तिथे पाटावर शेंडीचा नारळ ठेवला होता. आज होळी. संध्याकाळी तो नारळ होळीला जायचा. पण त्याआधी घरातल्या मोठ्या माणसाने त्याच्यासमोर गाऱ्हाणं घालायचं, घरच्या एकेकासाठी देवाकडे मागायचं, आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गाऱ्हाण्याशिवाय या घरातला नारळ कधी उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. शेजारच्या धोंडूला बोलावलं असतं, तर वाडीतले सगळे बाप्ये होळीचं झाड तोडायला रानात गेलेले.

"मगे कोण घालतलो गाऱ्हाणा?"

गंगारामांनी तिच्याकडेच पाहिलं.

"मी? बायलमाणसान गाऱ्हाणा घातलेला खंय बघलास तुमी?"

"तुका... पाठ आसा," ते कसेबसे कुजबुजले. तेवढ्यानेही त्यांना उबळ आली आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पाठ होतं खरं. लग्न होऊन आल्यापासून दर शिमग्याला ती दाराआडून ऐकत आली होती. या पोरांना असं पडलेलं सोडून देवाला न सांगता वर्ष काढायचं, या विचाराने म्हातारा किती कासावीस झाला होता, ते तिला दिसत होतं. तिने दोन्ही मुलांना उठवून बसवलं, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," चोंदलेल्या नाकातून आवाज आला, "आज ह्यो शिमग्याचो नारळ तुझ्याफुडे ठेयलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मुलं म्हणाली आणि खोकली.

"माझो झील मुंबैक आसा, तेका सुखरूप ठेव, तेच्या नोकरीक यश दी रे म्हाराजा."

सुनीती फिस्सकन हसली. "आये, बाबा तुझो झील?"

नवऱ्याला आपण मुलगा म्हटलं, हे सुभद्रेच्या ध्यानातच आलं नव्हतं. सासऱ्यांचे शब्द जसे कानात बसले होते तसेच तोंडातून बाहेर पडत होते. ते या जागी हरिश्चंद्र असं मुलाचं नाव घेत, ते नवऱ्याचं नाव तेवढं मात्र तिने वेळीच गिळलं होतं.

"गप. व्हय म्हण."

मग सगळं ओळीने आलं. नातवाला बुद्धी, नातीला आरोग्य, गाईला दूध, माडांना फळ. शेवटी चुकल्यामाकल्याची क्षमा मागून तिने नारळ उचलायला हात पुढे केला, तोच गंगारामांनी जमिनीवर तळवा आपटला.

"काय चुकला?"

"माणूस... ऱ्हवला एक."

गाऱ्हाणं घालणारा स्वतःसाठी मागत नाही, म्हणून सासरेच राहिले की काय असं तिला वाटलं. "तुमच्या घशाचा ऱ्हवला मा?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि बोट तिच्याकडे केलं.

गाऱ्हाण्यात गाय होती, माड होते. सून कधीच नव्हती. पहिल्या वर्षी ते तिला लागलं असेल, पुढे लागायचं बंद झालं. आज मात्र लागलं, आणि नाक पुसायच्या निमित्ताने तिने डोळेही पुसले. आपलं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची गंगारामांची ही पहिलीच वेळ होती. ते खाली जमिनीकडे बघत होते.

तिने पुन्हा हात जोडले.

"माझी सून सुभद्रा," ती म्हणाली, "हिका..." आणि अडली. बाकी सगळ्यांसाठी शब्द तयार होते. हिच्यासाठी काय मागायचं, ते कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

"हिका जरा निजाक गावां दी रे म्हाराजा."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. देवाकडे कुणी झोप मागतं का, हे त्यांना ठरवता येईना. दोघंही घुटमळली. तेवढ्यात गोधडीतून आवाज आला, घोगरा, फाटलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"व्हय म्हाराजा."