हे पान कोण सांभाळतं?

जगभरातल्या लोकांनी मिळून फुकट वाटायला एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवली आहे. ती वापरायची कशी हे सांगणारी पानं म्हणजे मात्र नुसता सावळागोंधळ. एकाच कामाच्या चार रीती, त्यातल्या दोन चुकीच्या. लिहायची हौस सगळ्यांना, आवरायला कुणी नको. शेवटी ते काम परभणीत बसलेल्या माझ्या गळ्यात पडलं. मी नियम काढला, प्रत्येक पानाला एक सांभाळणारा हवा. वर्षातून एकदा त्याला आपोआप मेल जाणार, 'हे पान अजून तुम्ही सांभाळता का?' उत्तर आलं नाही तर पान अडगळीत. नियम सगळ्यांना पटला. मी तर स्वतःवरच खूष होते.

त्यातलं एक पान माझ्या धाकट्या भावाचं, महारुद्रचं. भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरवर ही सिस्टिम कशी बसवायची, याचं. त्यात त्यानं लिहिलं होतं, 'मध्येच लाइट गेली तर चिडू नका. चहा घ्या आणि पहिल्यापासून सुरू करा.' परदेशातल्यांनी विचारलं, चहा कशाला? पठ्ठ्यानं ओळ काढली नाही, उलट घरी मायला वाचून दाखवली. गेल्या पौषात पाथरी रोडवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. पानावरचं त्याचं नाव काढायला माझा हात धजला नाही.

गावी, पोखर्णीला, मायनं तर फोटोला हारसुद्धा घालू दिला नाही. त्याचा फोन ती रोज चार्जिंगला लावायची. कशाला, असं विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

एका रविवारी मी गावी होते. जेवणं झाल्यावर माय फोन घेऊन आली.

"राजे, रुद्राच्या फोनात काई तरी आलंय. बघ बरं."

मेल माझ्याच नियमाचा होता.

"काय म्हणायलेत?"

"त्याचं ते चहाचं पान हाय ना, माय. अजून त्योच सांभाळतो का, इचारायलेत."

खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं होती. 'हो' दाबलं की आणखी वर्षभर पान त्याचंच. कुणाला कळणार होतं?

"हो म्हणून टाकते," मी म्हणाले.

"कामून? खोटं कामून सांगायलीस? त्या लोकाईनं कुठवर वाट बघावी?"

"मग काय सांगू?"

"सांग, त्यो न्हाई म्हणावं."

पौषापासून हे तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मी 'नाही' दाबलं. लगेच पुढचा प्रश्न आला, मग आता कोण सांभाळणार? मी माझं नाव घातलं. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं दिसेनात, स्वतःचं नाव लिहिताना चुकले.

"चहाचं तेवढं ऱ्हाऊ दे," माय म्हणाली.

"ऱ्हाईल, माय."

तिनं फोन घेतला. सवयीनं चार्जरपाशी गेली, वायर हातात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग वायर गुंडाळून कोनाड्यात ठेवली.

"पुढच्या रविवारी येताना हार आण," ती म्हणाली. "लय मोठा नगं. फोटोपुरता."