आधी किल्ली, मग बादली

संपात गुणाजी पोलिसांच्या गाडीतून मिलमध्ये कामावर गेला, त्या दिवसापासून कमलच्या घराने त्याच्या घराशी बोलणं टाकलं. पण परळच्या त्या चाळीत माळ्यावर संडास एक, किल्ली एक, बादली एक. एका सकाळी कमलच्या आईने, सुभद्राने, किल्ली उचलली आणि गुणाजीच्या बायकोने बादली.

"आधी तू दी."

"मी कित्याक? तूच दी!"

तासभर दोघी हटल्या नाहीत. अख्खा माळा पोट धरून उभा. शेवटी माळ्यावरच्या वडीलधाऱ्या नानांनी नियम घातला: आधी किल्ली, मग बादली. किल्ली हातात नसेल त्याने बादलीला शिवायचं नाही. भांडण राहिलं, खोळंबा मिटला.

एकवीस वर्षांनी, त्याच मिलच्या जागेवरच्या काचेच्या इमारतीत कमलने तोच नियम प्रोग्रॅममध्ये लिहिला. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना दोन्ही फोल्डरना कुलूप घालावं लागतं. एक काम इकडून तिकडे निघालं, दुसरं तिकडून इकडे, की एकेक कुलूप धरून दोघं एकमेकांची वाट बघत बसतात, कायमची. म्हणून तिने ठरवलं, कुठूनही निघा, लहान नंबरच्या फोल्डरला आधी कुलूप.

तिचा साहेब रघु, त्याच गुणाजीचा मुलगा. सगळं काम आपलंच असं वर सांगून त्याने कमलची बढती गिळली. मग तिच्या त्या नियमाच्या चार ओळी वेग कमी करतात म्हणून काढून टाकल्या.

"रघु, अडकेल रे ते," कमल म्हणाली.

"चाळीतली अक्कल इथे नको."

कमलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बादलीपायी माळा खोळंबला, ती याच्याच आईच्या हातात होती! तिने पुन्हा सांगितलं नाही.

ग्राहकांपुढे प्रात्यक्षिक होतं. रघुने दहा हजार फाइली हलवायला घेतल्या. कमलने शेजारच्या कॉम्प्युटरवरून मुद्दाम त्याच दोन फोल्डरांत उलट दिशेने तितक्याच सोडल्या. पडदा थिजला. कंपनीच्या डायरेक्टरच्या कपाळावर आठी.

"कमल, कर ना काहीतरी," रघु कुजबुजला.

"आधी सांग, ओळी कोणाच्या आणि काढल्या कोणी."

"आधी तू चालू कर."

कमल हाताची घडी घालून बसली. ग्राहक बॅगा आवरू लागले. तिला घाई नव्हती.

"ओळी कमलच्या होत्या," रघु अखेर सगळ्यांदेखत म्हणाला. "मी काढल्या."

कमलने कीबोर्ड ओढला. अडकलेल्या दोन कामांपैकी एक मारावंच लागतं, तरच दुसरं सुटतं. तिने रघुचं मारलं.